चोकवरच चालणारं इंजिन: स्नो ब्लोअरच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचा पाडवा. सकाळी उटणं लावून अंघोळ झाली आणि दहा वाजता मी गॅरेजमध्ये, पुन्हा अंघोळ करावी लागेल अशा अवस्थेत. बायकोने दारातून पाहिलं. बोलली काही नाही, पण फराळाचं ताटही बाहेर आलं नाही.

पण उशीर करून चालत नाही. आम्ही अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या दक्षिणेला, ऑर्चर्ड पार्कमध्ये राहतो. एरी सरोवर उथळ, उन्हाळ्यात चांगलं तापतं आणि नोव्हेंबरात अजून कोमट असतं. त्यावरून नैर्ऋत्येचा गार वारा सरोवराच्या लांबीला धरून आला की वाटेत उचललेली सगळी वाफ आमच्या अंगणात बर्फ होऊन पडते. नोव्हेंबर २०२२ मध्ये चार दिवसांत ८० इंच पडला होता. दोन मीटर. तिथे फावडं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं.

मशीन म्हणजे स्नो ब्लोअर, बर्फ उपसून लांब फेकणारं. जुनं आहे. २४ इंच रुंदीचं, पुढे बर्फ आत ओढणारा ऑगर, मागे तो फेकणारा पंखा. इंजिन टेकम्सी स्नो किंग, आठ हॉर्सपॉवर. सांगलीत फ्रिज दुरुस्त करणाऱ्याला हे नाव कॉम्प्रेसरवरून माहीत असतं, तीच ही मिशिगनची कंपनी. पेट्रोल इंजिनांचा धंदा तिने २००७ मध्ये विकला आणि नव्या मालकांनी २००८ च्या अखेरीला तो बंद केला, म्हणजे माझं इंजिन अनाथ होऊन बरीच वर्षं झाली. तरी दणकट आहे. आजच्या दुखण्यात त्याचा दोष नाही. मार्चमध्ये शेवटचं चालवून पेट्रोल टाकीत तसंच ठेवून दिलं, तो दोष माझा.

लक्षणं लिहून ठेवतो. प्रायमर, म्हणजे सुरुवातीचं पेट्रोल आत ढकलणारं बटण, तीनदा दाबला, चोक पूर्ण ओढला, पाचव्यांदा दोरी ओढल्यावर सुरू. चोक अर्ध्यावर, तरी चालू. चोक पूर्ण काढला की दोन सेकंदांत बंद. अर्ध्या चोकवर आवाज एकसारखा नाही: व्हूंऽऽ, हुं, व्हूंऽऽ, हुं. झोपाळ्यावर बसल्यासारखा वरखाली. टाकीचं झाकण उघडलं तर पेट्रोलचा वास नाही, जुन्या रंगाच्या डब्याचा वास.

प्लग काढला, टोक पांढरट. गॅप ०.०३० इंच, बरोबर. ठिणगी निळी, जोरदार. म्हणजे वीज ठीक आहे, अडचण खाण्यापिण्यात आहे.

३ नोव्हेंबर, रविवार

आज पहाटे घड्याळं एक तास मागे गेली. कालपर्यंत सांगली साडेनऊ तास पुढे होती, आता साडेदहा. अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला तेव्हा तिकडे भाऊबीज आटोपून जेवणं झाली होती.

फोन इंजिनाजवळ धरून आवाज ऐकवला. ते हसले.

"चोकवर चालतंय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, दुसरं काय? चोक म्हंजे हवेचं तोंड दाबणं. हवा दाबलीस की जेवढं पेट्रोल येतंय तेवढं पुरतं त्याला. जेटमध्ये कचरा आलाय बघ."

एवढं सांगायला त्यांना अर्धा मिनिट लागला. आमच्या चेतकवर हाच उद्योग दर पावसाळ्यात चालायचा: स्कूटर आडवी करायची, सरळ करायची, किक मारायची, नाहीच जमलं तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला भाग, काढून तोंडाने फुंकायचं. मी शेजारी पाना धरून उभा.

आवाज वरखाली का होतो तेही मग नीट बसलं डोक्यात. पेट्रोल कमी पडलं की इंजिन मंदावतं. गव्हर्नरला, म्हणजे गती एकसारखी राखणाऱ्या यंत्रणेला, वाटतं भार आला, तो थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला खुराक सोडणारी झडप, उघडतो. इंजिन उसळतं, गव्हर्नर घाबरून थ्रॉटल मिटतो, पुन्हा मंदावतं. बिचारा गव्हर्नर आपलं काम चोख करतोय. त्याच्या स्प्रिंगला हात लावायचा नाही, हे इथे मुद्दाम लिहितो, कारण काल माझा हात तिकडे गेला होता.

दुपारी टाकी रिकामी केली. बाहेर, उघड्यावर. लोणच्याची एक काचेची बरणी बळी दिली. पेट्रोल ओतून तासभर ठेवलं तर दोन थर: वर पिवळं, खाली बोटभर ढगाळ. बरणी तिरकी केली की खालचा थर वेगळाच घरंगळतो, तेलाखालच्या पाण्यासारखा.

बरणीचा फोटो पाठवला. अण्णा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत तीस वर्षं होते, त्यामुळे आता विषय त्यांच्या घरचा झाला. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, मक्याचं. तिकडे उसाचं आणि धान्याचं, आणि २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर न्यायचं ठरलंय. अण्णा म्हणाले, "नुसत्या ऊर्ध्वपातनानं अल्कोहोल ९५ टक्क्यांवर अडतं. उरलेलं पाणी काढायला वेगळी चाळण लागते. ९९.५ च्या वर गेलं तरच टँकर भरायचा. आणि तू ते आठ महिने झाकण सैल ठेवून हवेवर ठेवलंस! एवढ्या खटाटोपानं काढलेलं पाणी ते परत पिणारच की रं."

पिऊन पिऊन किती पिणार, तर १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण पंधरा अंश तापमानाला लिटरमागे चमचाभर पाणी पोटात ठेवू शकतं. थंडी वाढली की त्याहून कमी. त्यापलीकडे गेलं की पाणी अल्कोहोलचा हात धरून खाली बसतं. आणि कार्बोरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, जाणारी नळी टाकीच्या तळातूनच निघते.

मुलीच्या विज्ञानाच्या पेटीतलं मोजपात्र घेऊन ताज्या पेट्रोलवर प्रयोगही केला. १० मिली पाणी, त्यावर ९० मिली पेट्रोल, हलवून ठेवलं. खालचा थर १० चा १८ झाला. आठ मिली अल्कोहोल डोळ्यांदेखत पेट्रोल सोडून पाण्याकडे गेलं. मुलीला मजा वाटली. मोजपात्र परत पेटीत जाणार नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

टाकी धुतली, ताजं पेट्रोल घातलं. इंजिन जसंच्या तसं. अपेक्षा नव्हतीच. जुनं पेट्रोल डब्यात भरून वर चिठ्ठी लावली. गावात घातक कचरा गोळा करण्याचा दिवस असतो, तेव्हा नेऊन द्यायचं.

९ नोव्हेंबर, शनिवार

कार्बोरेटर काढला. आधी चोकची मूठ, मग किल्ली, मग कार्बोरेटरवरचं पत्र्याचं झाकण. या झाकणाला इथे हीटर बॉक्स म्हणतात. सायलेन्सरजवळची गरम हवा ते कार्बोरेटरच्या तोंडाशी आणतं. गंमत म्हणजे या इंजिनाला एअर फिल्टरच नाही. बर्फात धूळ उडत नाही, आणि फिल्टर असता तर त्यावरच बर्फ बसून इंजिन गुदमरलं असतं.

सुट्या करण्याआधी गव्हर्नरच्या तारेचे आणि स्प्रिंगचे चार बाजूंनी फोटो काढले. कुठलं टोक कुठल्या भोकात, हे नंतर आठवेल असं वाटतं आणि आठवत नाही.

खालची वाटी एकाच बोल्टावर आहे. ती सोडवली आणि आत पाहिलं. तळाला पांढरी भुकटी, कडेने हिरवट गंज, आणि मधोमध जांभळासारखा चिकट थेंब, काकवी वाळल्यासारखा. वास तोच, रंगाच्या डब्याचा.

वाटी धरणारा बोल्ट हाच मेन जेट. बोल्टाच्या अंगात भोक असतं, त्यातून पेट्रोल वर चढतं. भोक बंद होतं. कार्बोरेटर क्लीनर मारला, विजेच्या जुन्या वायरमधली एक तांब्याची तार सोलून आत घातली, उजेड दिसला. तांबं मऊ, भोक मोठं होत नाही. इथे लोक गिटारची तार वापरतात. आमच्या घरात गिटार नाही, तंबोरा आहे, आणि त्याच्या तारेचा विचार मी मनातल्या मनातच ठेवला.

जोडलं. आता चोक काढूनही चालतं, पण हंटिंग, म्हणजे आवाजाचं ते वरखाली, आहेच. पूर्ण थ्रॉटलला कमी, मंद थ्रॉटलला जास्त. अर्धं यश. रात्री थकून एक नवा कार्बोरेटर ऑनलाइन मागवला. स्वस्त, बिननावाचा.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नवा कार्बोरेटर बसवला. पहिल्या दोरीला सुरू. आवाज एकसुरी, तंबोऱ्यासारखा. जुना कार्बोरेटर कचऱ्यात टाकणार होतो, पण सवयीने खोक्यात ठेवला. संध्याकाळी घरात जाहीर केलं की काम झालं.

१७ नोव्हेंबर, रविवार

झालं नाही.

पहाटे पाण्याला उठलो तर स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास. गॅरेज घराला लागून आहे आणि कोपऱ्यात गॅसवर चालणारा पाण्याचा बंब, त्यात सतत जळणारी छोटी ज्योत. आतल्या दिव्याचं बटण दाबलं नाही. बाहेरून फिरून गेलो, गॅरेजचं मोठं दार हाताने वर उचललं आणि मशीन अंगणात ढकललं. पायात चप्पल, अंगावर टी-शर्ट, बाहेर दव गोठलेलं. मग बंबाचा गॅस बंद केला आणि अर्धा तास सगळी दारं उघडी ठेवून घरभर स्वेटर वाटले.

उजाडल्यावर कारण कळलं. टाकी कार्बोरेटरच्या वर असते, पेट्रोल नुसतं वजनाने खाली येतं. वाटी भरली की आतला फ्लोट वर येऊन सुईने वाट बंद करतो. नव्या कार्बोरेटरची सुई नीट बसतच नव्हती. रात्रभर पेट्रोल झिरपत राहिलं, आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात तसं 'ओव्हर' झालं. थोडं जमिनीवर, आणि उरलेलं कुठे?

डिपस्टिक काढली. ऑइल खुणेच्या दोन बोटं वर. फडक्यावर थेंब टाकला तर पाण्यासारखा पसरला, वास पेट्रोलचा. सिलिंडरमध्ये उतरलेलं पेट्रोल रिंगांवरून ओघळून खाली ऑइलमध्ये गेलेलं. हे न बघता दोरी ओढली असती तर इंजिनाची बेअरिंगं या पातळ सरबतावर चालली असती.

सगळं ऑइल काढलं, नवं ५डब्ल्यू-३० भरलं. विकणाऱ्याने पैसे परत दिले, कार्बोरेटर परत मागितला नाही. यावरून काय ते समजावं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज दिवस सत्कारणी लागला.

जुन्याच कार्बोरेटरसाठी दुरुस्तीचा संच आणला: सुई, सुईखालचं रबरी कडं, वाटीचं गॅस्केट. गॅरेजच्या दारात टेबल मांडून बसलो होतो तेवढ्यात समोरचे आजोबा आले. वय ऐंशीच्या पुढे, लॅकवॉनाच्या पोलाद कारखान्यात काम केलेले. ते थंडीत मफलर घालत नाहीत आणि न विचारता सल्ला देत नाहीत. माझी रविवारची दारं उघडी ठेवण्याची कसरत त्यांनी खिडकीतून पाहिली होती, पण तो विषय त्यांनी काढला नाही.

त्यांनी तो बोल्ट उचलला, चष्मा कपाळावर ढकलला, बोल्ट डोळ्याला लावून आकाशाकडे धरला आणि विचारलं, "दुसरं भोक कुठाय?"

मी म्हटलं, कुठलं दुसरं?

बोल्टाच्या आट्यांखाली एक बारीक खाच फिरते. त्या खाचेत, जिथे मला आठवडाभर नुसता एक काळा ठिपका दिसत होता, तिथे भोक आहे. तळाच्या भोकातून पेट्रोल येतं ते मेन जेटला. त्यातलंच थोडं या बाजूच्या भोकातून खाचेत येतं आणि तिथून मंद गतीच्या वाटेला लागतं. तळाचं मी मोकळं केलं म्हणून पूर्ण थ्रॉटलला बरं चालत होतं. बाजूचं बुजलेलं राहिलं म्हणून मंद गतीला पोट भरत नव्हतं. ९ तारखेला मी लिहिलंय 'बोल्टाच्या अंगात भोक असतं'. एकच आहे असं धरून चाललो होतो.

तांब्याची तार तिथे जाईना. आजोबा घरी जाऊन एक छोटी पत्र्याची डबी घेऊन आले. वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या तारा, जाडीप्रमाणे ओळीने लावलेल्या. सगळ्यांत बारीक तार निवडली, भोकाला टेकवली आणि ती न ढकलता, नुसती दोन बोटांत फिरवत राहिले. बराच वेळ काही नाही. मग तार अचानक एक मिलिमीटर आत गेली आणि टोकावर तपकिरी कण आला, राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. बोल्ट पुन्हा आकाशाकडे धरला. खाचेत उजेडाचा ठिपका.

या कणापायी मी नवा कार्बोरेटर घेतला, इंजिनातलं सगळं ऑइल फेकून दिलं आणि घर थंड केलं.

बाकीचं काम पटापट झालं. जुनं रबरी कडं वाकडी केलेली पिन घालून ओढून काढलं, खाली पितळेला ओरखडा न पाडता. नव्या कड्याची एक बाजू सपाट, दुसरीला चर. चराची बाजू आधी आत, सपाट बाजू सुईकडे. उलटं बसवलं तर पुन्हा १७ तारीख. फ्लोटची उंची मोजायला ११/६४ इंचाचं ड्रिल कार्बोरेटरच्या कडेवर आडवं ठेवलं, फ्लोट त्याला जेमतेम टेकला पाहिजे. टेकला. मंद गतीचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग एक फेरा बाहेर.

शिवाय टाकीखालची कडक झालेली नळी कापून नवी पाव इंची टाकली आणि मध्ये पेट्रोलचा कॉक बसवला, स्कूटरला असायचा तसा. मूळ मशीनला तो नव्हता. सुईवर रात्रभर विसंबून झोपायचं नाही, एवढं ठरलं.

तिसऱ्या दोरीला सुरू. चोक हळूहळू काढला. पूर्ण काढला. आवाज हलला नाही. आजोबांनी मान डोलावली, चिवड्याची वाटी रिकामी केली, तिखट आहे म्हणाले आणि डबी घेऊन गेले.

२४ नोव्हेंबर, रविवार

वीस मिनिटं चालून बंद पडलं. छातीत धस्स झालं. पण टाकीचं झाकण सैल करताच सुस्स आवाज आला. झाकणातलं हवेचं भोक चिखलाने बुजलेलं. पेट्रोल खाली जातंय पण वरून हवा येत नाही, मग थोड्या वेळाने पेट्रोलही यायचं थांबतं. टाचणीने मोकळं केलं. पंधरा दिवसांत तिसरं भोक.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

थँक्सगिव्हिंगचं जेवण काल झालं आणि आज सरोवराने धरलं. दुपारपर्यंत समोरची टपालपेटी दिसेना.

हीटर बॉक्सचे दोन स्क्रू २३ तारखेपासून सापडत नाहीत, म्हणून बॉक्स बसवलाच नव्हता. म्हटलं आज तसंच चालवू. इंजिन छान चाललं, बर्फ दहा-बारा हात लांब उडत होता, मी खुशीत. पाऊण तासाने थ्रॉटलचा दांडा खाली केला तर इंजिन खाली येईना. दांडा हलतोय, आवाज तोच. किल्ली काढून बंद केलं.

टॉर्च मारला. कार्बोरेटरच्या तोंडाशी बर्फाची कडा, थ्रॉटलच्या दांडीभोवती बर्फाचं कडं, गव्हर्नरची तार त्यात पक्की. वारा बर्फाचा भुगा थेट आत फुंकत होता, आणि पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर स्वतःच गार पडतो ती गोष्ट वेगळीच. फिल्टर का नाही आणि ते झाकण का आहे, हे मीच २० दिवसांपूर्वी या वहीत मोठ्या ज्ञानाने लिहिलं होतं.

कॉक बंद केला, मशीन आत आणलं. हेअर ड्रायर लावायचा मोह झाला, पण पेट्रोलशेजारी तापलेली तार नको. तासभर नुसतं पाणी टपकताना पाहिलं. बॉक्स बांधायच्या तारेने आवळून बसवला.

३० नोव्हेंबर, शनिवार

दिवसभरात चार वेळा अंगण साफ केलं. शेवटी रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणाऱ्या सरकारी नांगराने आमच्या दाराशी टाकलेला कंबरभर बांध, त्यात मीठ, बर्फाचे धोंडे, सगळं. एक शिअर पिन तुटली. तिचं कामच ते, गिअर वाचवून स्वतः तुटायचं. मग आजोबांचं अंगण केलं. ते खिडकीत कॉफी घेऊन उभे होते आणि हाताने खुणा करून कुठे राहिलंय ते दाखवत होते.

उद्या रात्री इथल्या स्टेडियमवर बिल्सचा, म्हणजे बफेलोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा, सामना आहे. बाकांवरचा बर्फ उपसायला माणसं हवीत, तासाला २० डॉलर, अशी जाहिरात आलीय. बायको म्हणाली, मशीन घेऊन जा, कार्बोरेटरचे पैसे तरी सुटतील.

व्हिडिओ पाठवला. अण्णांनी तीनदा पाहिला म्हणे. विचारलं काय, तर "ॲव्हरेज किती देतं?"

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमी. बर्फ बहुधा संपला. 'बहुधा' हा शब्द इथे एप्रिलअखेरपर्यंत ठेवायचा असतो.

यंदा टाकी रिकामी करून पुसून ठेवली. शेवटचे दोन महिने बिनइथेनॉलचं पेट्रोल वापरलं, जरा महाग आहे, पण पंप वाटेवरच निघाला. नळीत आणि वाटीत उरलेलं संपवायला कॉक बंद करून इंजिन चालू ठेवलं आणि शेजारी बसून राहिलो. चारेक मिनिटं एकसुरी आवाज. मग वाटीतली पातळी उतरली असणार, कारण सुरू झालं: व्हूंऽऽ, हुं, व्हूंऽऽ, हुं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक आली, "परत बिघडलं का रे?"

"नाही, उपाशी आहे," म्हटलं, आणि ते बंद पडेपर्यंत ऐकत बसलो. सुंठवडा घ्यायला आत जाण्याआधी वाटीचा बोल्ट सैल करून उरलेले थेंब बरणीत घेतले. एकच थर.